माधुरीची सिस्टीम आणि माझा जळफळाट

टर्मिनलवाल्या मंडळींनो, आज मी जळून राहिलो, आणि ते मले लपवायचं नाही.

कळमन्याच्या धान्यबाजाराचे भाव आपल्या रामदासपेठेतल्या ऑफिसच्या मशीनवरून तुमच्या सगळ्यांच्या पडद्यांवर जातात. नव्या मशीनवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, याचा आज सकाळी फैसला होता. मी माझी जुनी, ओळखीची मांडली. माझ्या बाजूच्या टेबलावरच्या माधुरीनं युनिक्स नावाची सिस्टीम मांडली.

आधी माझी चालवली. तुरीचा भाव एकेका पडद्यावर, पंगतीत वरण वाढावं तसा गेला. शेवटच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "राहू द्या गा, चहावाल्यानं सांगितला मले!"

मग माधुरीची चालवली. भाव सगळीकडे एकदम!

ज्याची सिस्टीम, त्याच्या हातचं कुंकू मशीनले, असा आपल्या ऑफिसचा रिवाज. मागच्या दोन्ही मशीनले मीच लावलं होतं. आज साहेब म्हणाले, "माधुरी, लाव वं कुंकू." आणि मी चपला बाहेर काढून, त्या एसीच्या खोलीत, तिच्यामागं नारळ धरून उभा!

"काहून चूप आहे गा?" तिनं विचारलं. वरून प्रेमानं विचारते, त्याचा आणखी राग.

"थंडी वाजून राहिली," मी म्हटलं.

हा निरोप मी तिच्याच सिस्टीमवरून सोडून राहिलो. खरं सांगा, तुमच्या सगळ्यांच्या पडद्यावर एकदमच आला का?

एकानं तरी नाही म्हणा ना गा.