मागून घेतलेली खिडकी

बाळ झाल्यावर तुम्ही घेतलेल्या नव्या घराच्या बैठकीचा फोटो मिळाला. पांढऱ्या भिंती, त्यातली एक फिकट निळी, वेताच्या खुर्च्या, फळीवर शंख-शिंपले आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. सोबत तुम्ही लिहिलंय की हल्ली घर असं समुद्रकाठच्यासारखं सजवतात. "आमचं गाव तापतं खूप आणि समुद्र तर लांबच, पण आजी, तू कोकणातली, तुला कसं वाटतं ते कळव."

फोटो बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली. तुमची नव्हे. अशीच एक खोली मी फार पूर्वी जानेफळला पाहिली आहे. त्या खोलीच्या दारात एका दुपारी उभी असताना मान वर करणं मला जमलं नव्हतं, आणि आज फोटो हातात धरून तसंच झालं. तेव्हा आधी त्या खोलीचं सांगते, मग तुमच्या प्रश्नाचं.

माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, रत्नागिरीकडच्या एका बंदरावर ओव्हरसीअर होते. समुद्राकडे तोंड केलेले साहेबांचे बंगले त्यांच्या देखरेखीखाली असत. चुन्यात नीळ किती घातली म्हणजे भिंत डोळ्याला थंड वाटते, वेताची खुर्ची कुठे ठेवली म्हणजे पाठीला वारा लागतो, हे त्यांच्या बोटांवर होतं. आमचं स्वतःचं घर लहान, पण पश्चिमेची खिडकी बंगल्यासारखी. दुपारी खारा वारा सुटला की आई हातातलं काम ठेवून म्हणायची, "आला गं बाई," जणू कुणी माहेरचं माणूस आलं.

मॅट्रिक झाल्यावर माझं लग्न तुमच्या आजोबांशी झालं. ते मुंबईला वकिली शिकलेले, मेहकरला कोर्टात जायचे. घर मात्र शेतीवाडीचं, जानेफळला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. वडील पत्रावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं वळणदार अक्षरात लिहायचे, आणि त्यापलीकडे त्यांना या मुलखाची काही माहिती नव्हती.

मीही त्यांना ती दिली नाही. घर धाब्याचं होतं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचंच सपाट छत, छतात उजेडासाठी एक भोक, आणि पुढच्या बाजूला डोकं जेमतेम बाहेर निघेल अशी एक खिडकी. पश्चिमेची भिंत तर सलग, कोरी. दिवसासुद्धा आत गेलं की डोळे सरावायला वेळ लागायचा. इंग्रजी शिकलेल्या मला त्या अंधाराची शरम वाटे. पत्रात मी लिहायचे, "घर मोठे व भक्कम आहे." ते खोटं नव्हतं.

आमच्यात तेव्हा रीत होती की मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. तुमची आई झाली आणि थंडीच्या दिवसांत वडील पहिल्यांदा जानेफळला आले. आगबोट, आगगाडी, मोटार आणि शेवटी बैलांची दमणी. दारातून आत आले तेव्हा ते थबकले. अंधारात ते मला शोधत होते आणि मी त्यांच्या समोरच उभी होते.

जेवणं झाली. सासरे व्याह्यांवर खूश होते. सुपारी कातरत म्हणाले, "इवाईबुवा, आज तुम्ही आमच्या घरचा घास घेतला. आता काही मांगा. असं रिकाम्या हातानं नाही जाऊ देत."

"मुलीच्या बापाने काय मागायचं?" वडील म्हणाले.

"मांगा म्हनलं न. शब्द देऊन राह्यलो."

वडिलांनी खोलीकडे एकदा नजर फिरवली. "मग या भिंतीत एक खिडकी द्या. माझ्या नातीला वारा लागू दे."

"या भिंतीत? मावळतीच्या?"

"वारा मावळतीकडूनच येतो."

सासऱ्यांनी सुपारीचं खांड वडिलांच्या हातावर ठेवलं. मग म्हणाले, "बरं. देल्ली."

आत चुलीपाशी सासूबाई माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "त्या भितीले कोनी खिडकी ठेवते का?" पण शब्द गेलेला होता.

वडील राहिले आणि त्यांनी ती खोली स्वतः उभं राहून करून घेतली. भिंत फोडून साहेबी मापाची खिडकी बसवली. तिला फटीफटींच्या फळ्यांची दारं, झिलमिलीची, म्हणजे दार लावलं तरी वारा आत यावा. भिंतींना नीळ घातलेला चुना. परत गेल्यावर त्यांनी रेल्वेने वेताच्या खुर्च्या, काथ्याच्या चटया, मलमलीचे पडदे आणि टोपलीभर शंख-शिंपले पाठवले. खोली सजली. थंडीत दुपारचं ऊन आत यायचं आणि सासरे त्या उन्हात खुर्चीवर पाय पसरून डुलक्या घ्यायचे. गावातल्या बाया बघायला येत. शेजारची म्हातारी म्हणाली, "एवढी मोठी काऊन केली व माय? बैलगाडी आत घ्याची हाये का?" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मनातून मला वाटत होतं, आता हे घर कुणालाही दाखवावं. वडिलांना लिहिलं, "खोली सर्वांना फार आवडते."

होळी झाली आणि वारा फिरला.

कोकणातला वारा पाण्यावरून येतो. आमचा यायचा नांगरून टाकलेल्या काळ्या रानावरून. दहा वाजल्यापासून झळा सुरू व्हायच्या, आणि झिलमिलीच्या फटींतून गरम हवा आणि काळी बारीक धूळ, दोन्ही सारखीच आत यायची. काथ्याच्या चटया झटकल्या की घरभर काळोख. पडद्यांचा रंग मातीचा झाला. कोरड्या हवेत वेत तडकू लागला. खुर्चीवर बसलं की करकर वाजायचं. इतकी वर्षं या लोकांनी ती भिंत कोरी का ठेवली होती, हे मला त्या चैत्रात कळलं. तुमच्या आईला अंगभर घामोळं आलं.

एक दिवस सासऱ्यांनी तुराट्यांचा कूड बांधून घेतला, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा तट्टा, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेला. तो खिडकीच्या चौकटीत दाबून बसवला. खोली पुन्हा अंधारी आणि गार झाली. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुह्या बापाले हे लिहू नोको. त्यायच्या हौसेची चीज हाये. ते जावळाले येतीन तवा काढून ठेवू. दोन रोज ऊन सोसलं तं काय होते?"

मी मान डोलावली. मला वाटलं, ही माझ्या वडिलांची किती अब्रू राखतात. आणि त्याच वेळी वाटलं, ही अब्रू राखावी लागते आहे.

वैशाखात जावळाचा दिवस ठरला. वडील यायच्या आदल्या संध्याकाळी कूड काढून गोठ्यामागे उभा केला, चौकट पुसली, पडदे धुऊन लावले. दुसऱ्या दिवशी जावळ झाल्यावर भर दुपारी पुरुषांची पानं त्याच खोलीत मांडली. पानं वाऱ्याने उडायला लागली तशी प्रत्येकाने आपापलं पान डाव्या हाताने दाबून धरलं. आमरसाच्या वाट्यांवर काळी साय आली. सासऱ्यांनी बोटाने ती ढवळून टाकली आणि म्हणाले, "मिऱ्याची पूड पडली म्हनून समजा, इवाई." घाम पुसायलासुद्धा कुणी हात उचलत नव्हतं. तुमचे आजोबा वाढत होते. ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी दारात तुपाचं भांडं धरून उभी. वडील एकेक घास गिळत होते आणि हसत होते, कारण सगळेच हसत होते.

"बाळ कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "आत कोंडून का ठेवलंय? वाऱ्यावर आणा तिला."

सासूबाई उठल्या, काही न बोलता आतल्या गार खोलीतून तुमच्या आईला उचलून आणली आणि त्यांच्या मांडीवर दिली. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? सासरच्यांनी सकाळपासून धरून ठेवलेलं सोंग मोडणं, की वडिलांना व्याह्यांच्या पंगतीत उघडं पाडणं? मी तुपाकडे बघत राहिले.

तुमची आई रडायला लागली. नवं मुंडण केलेलं डोकं लाल झालं. वडील तिला घेऊन खिडकीशी गेले, बाहेरचे बैल दाखवायला, आणि तोल सावरायला चौकटीवर हात ठेवला. हात एकदम मागे आला. लाकूड तापलं होतं. मग ते वाकून चौकटीच्या खाचेत बघू लागले. तिथे शेणमातीचे सुकलेले खपले होते, त्यात तुराट्यांची टोकं मोडून अडकलेली. चुन्याच्या भिंतीवरही, नीट बघितलं तर, कुडाच्या कडेची मातकट रेघ दिसत होती.

खाचेतलं तुराटीचं एक टोक त्यांनी ओढून काढलं. मग तुमच्या आईला सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "हिला आत न्या. व्याही, कूड कुठे ठेवलाय?"

"कोनता कूड?" सासरे म्हणाले.

"या खिडकीचा."

"राहू द्या हो इवाई. हवा चांगली येऊन राह्यली."

"ही हवा नाही, भट्टी आहे. कुठे आहे?"

सासरे पानावरून उठले. "गोठ्यामागं हाये."

मग जरीकाठी उपरणं कमरेला गुंडाळलेले माझे वडील आणि सासरे, दोघं मिळून तो कूड उन्हातून घेऊन आले. "तिकडून धरा," "जरा वर," असं म्हणत तो चौकटीत बसवला. वडिलांच्या पांढऱ्या धोतराला शेणमातीचा पट्टा लागला. खोलीत अंधार झाला, आणि त्या अंधारात पहिल्यांदा सगळ्यांनी घाम पुसला. सासऱ्यांनी विषय काढला तो कापसाचा.

संध्याकाळी अंगणात वडील मला एवढंच म्हणाले, "तू मला लिहिलं का नाहीस?" मी त्यांच्या धोतरावरचा शेणमातीचा पट्टा ओल्या फडक्याने पुसायला लागले.

निघताना सासरे म्हणाले, "मागल्या टायमाचं चुकलं आपलं. दुसरं काही मांगा."

"त्या खिडकीला झाकण द्या," वडील म्हणाले. "सलग फळीचं. फट नसलेलं."

ते झालं. सकाळी ऊन चढायच्या आत लावायचं, दिवे लागल्यावर उघडायचं, आणि मग रात्रीचा वारा खरंच कोकणातल्यासारखा यायचा. खोली वापरात आली ती अशी. काथ्याच्या चटया गोठ्यात गेल्या आणि जमीन पुन्हा शेणाने सारवली. खुर्च्यांचा वेत काढून सासऱ्यांनी त्या सुंभाने विणून घेतल्या. शिंपले एकेक करून लेकुरवाळ्या बायांनी दूध पाजायला नेले. पांढरा चुना राहिला, नीळ मात्र पुढे कुणी घातली नाही.

माझे वडील नंतरही येत, पण थंडीतच. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की छपराचा उतार, दाराची उंची यावर बोलल्याशिवाय न राहणारा माणूस. आमच्या घराबद्दल त्यांनी पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. एका पावसाळ्यानंतर धाब्याला भेग पडली होती, त्यांची नजर गेलेली मी पाहिली, आणि ते खाली बघून नातीशी खेळत राहिले. त्या दुपारपेक्षा मला हे जास्त लागलं. माझ्या 'सर्वांना फार आवडते' या वाक्याने त्यांचा तो बोलका डोळा मिटला.

म्हणून तुम्हाला 'छान आहे' असं लिहिणार नाही. पांढरा रंग ठेवा. सामान कमी आहे, तसंच राहू द्या. निळी भिंत तुमच्या हौसेची, असू द्या. पण पश्चिमेची ती काच चूक आहे. तिला बाहेरून जाड, सलग झाकण करून घ्या, पडद्याने भागणार नाही. आणि रात्री उघडा. राग आला तरी चालेल, पण मला सगळं खरं कळवा: दुपारी त्या खोलीत कोण बसतं, आणि बाळाला कुठे झोपवता.