गेलेल्या पायाची साक्ष

माझ्या नवऱ्याने माझ्या भावाचा पाय घालवला, असं अमेरिकेतल्या आमच्या हेमलॉक या खाणीच्या गावात सगळे मानतात. नवरा म्हणतो, मी त्याचा जीव वाचवला. भाऊ म्हणतो, तुला सांगितलं कोणी होतं? या दोघांच्या मधे माझा संसार झाला, त्यामुळे मला दोघांचाही मनापासून राग आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुणाची बाजू घेते आहे असं वाटायला नको.

माझा भाऊ क्लिफ ट्रेमबाथ. बर्फावरच्या हॉकीत त्याच्यासारखा पोरगा आमच्या सगळ्या भागात झाला नाही, असं अजून म्हणतात. तो खेळायचा तेव्हा खाणीची पाळी बदलून माणसं सामना बघायला यायची. डेट्रॉइटच्या मोठ्या संघाचा एक माणूस त्याला बघायला येऊन गेला होता. तेवढ्यात व्हिएतनामच्या लढाईचं बोलावणं आलं.

माझा नवरा आर्विड लाहती शाळेत क्लिफच्या एक वर्ग पुढे होता. फिनलंडहून आलेल्या लोकांच्या वस्तीतला. खाणीत आम्ही इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेले कॉर्निश लोक मुकादम आणि ते खाली दगड फोडणारे, त्यामुळे दोन्हीकडचं प्रेम आधीपासूनच बेताचं. आर्विड खेळात नव्हता, नाचात नव्हता, कशातच नव्हता. सैन्याने त्याला मेडिक केलं, म्हणजे जखमींना जागेवर मलमपट्टी करणारा शिपाई. त्याची नेमणूक तोफांच्या तळावर होती. तळावरच्या तंबूत बसून भाजलेले हात आणि जुलाब बघायचे, हे त्याचं काम.

क्लिफ पायदळात होता. एका दुपारी त्याची कंपनी भाताच्या खाचरात सापडली आणि पलीकडच्या झाडीतून गोळीबार सुरू झाला. त्यांचा मेडिक पहिल्याच झटक्यात पडला. दुसरा पाठवा म्हणून तळावर निरोप गेला, आणि हाताशी होता तो आर्विड. त्याला हेलिकॉप्टरमध्ये कोंबला आणि खाचराच्या कडेला सोडला. कसला लेखी हुकूम नाही, नोंद नाही. तो चिखलातून सरपटत ज्या पहिल्या माणसापाशी पोचला, तो माझा भाऊ. गुडघा फुटलेला, रक्ताची धार लागलेली. रक्त थांबवायला आर्विडने मांडीला पट्टा आवळला आणि क्लिफला बांधाआड ओढून तो पुढच्याकडे गेला. हेलिकॉप्टर आलं ते अंधार पडता पडता. तोवर पट्ट्याखालचा पाय रक्ताविना मेला होता, दवाखान्यात तो मांडीपासून कापला.

सैन्यातून सुटल्यावर आर्विड आधी आमच्या दारात आला, मग स्वतःच्या घरी गेला. क्लिफने त्याला बघितलं आणि कुबडी फेकून मारली. ती लागली आर्विडच्या कपाळाला. कुबडी उचलून त्याने भिंतीला टेकवून ठेवली. फाटकापर्यंत मी त्याच्यामागे गेले आणि म्हणाले, "परत येऊ नकोस." त्याने विचारलं, "जखम भरली का नीट?" मी म्हटलं, "त्याची की तुझी?" त्यावर तो हसला. त्याला हसताना मी त्यानंतर मोजक्याच वेळा पाहिलं आहे. वर्षभराने आम्ही लग्न केलं. वडील आले नाहीत. क्लिफ आला तो चर्चच्या बाहेर गाडीत बसून राहिला.

आर्विडशी संसार करणं सोपं नव्हतं. शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण, मुकादमाशी कायमचं भांडण, माझ्याशी अबोला. खाण बंद झाल्यावर तो रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवू लागला. क्लिफच्या रस्त्याची पाळी त्याच्याकडेच आली. गाडी गेली की क्लिफच्या दारात कमरेएवढा बर्फाचा ढीग. क्लिफ फोनवर ओरडायचा, "लोइस, तुझ्या नवऱ्याला सांग, एका पायाच्या माणसाला किती छळशील!" मी आर्विडला विचारलं, तर तो सूप पीत म्हणाला, "सगळ्यांच्याच दारात पडतो."

"मग त्याच्या दारात गाडीचं फावडं जरा वर उचल ना."

"तेवढं केलं तर बाकीचे म्हणतील, हा गुन्हेगार आहे म्हणून करतोय."

असं सगळं कडू, पण ठरल्यासारखं चाललं होतं. मग एका वर्षीचा स्मृतिदिन आला. दर मे महिन्यात गेलेल्या सैनिकांसाठी मिरवणूक निघते आणि माजी सैनिकांच्या हॉलपुढे रांगा लागतात. तेव्हा हॉलचा प्रमुख होता ड्वेन पॅस्को. त्याने नवीन टूम काढली. ज्यांच्याकडे लढाईचा बिल्ला आहे ते पुढच्या रांगेत, बाकीचे मागे. क्लिफ पुढे, पायदळाचा निळा बिल्ला लावून, कृत्रिम पायावर ताठ. आर्विडला काही कळलं नव्हतं, तो नेहमीसारखा पुढेच जाऊन उभा राहिला.

पॅस्को सगळ्यांसमोर म्हणाला, "मागे हो, लाहती. पुढची रांग गोळ्या खाल्लेल्यांची आहे. गोळ्या वाटलेल्यांची नाही."

सगळे हसले. बँडवाली पोरं हसली. आणि माझा भाऊही हसला. चांगला खांदे हलवून हसला.

आर्विड मागे गेला, मिरवणूक पुरी चालला, घरी आला आणि बूट न काढता म्हणाला, "मला तो बिल्ला पाहिजे." पायदळाबरोबर गोळीबारात काम केलेल्या मेडिकसाठी वेगळा बिल्ला असतो, रुपेरी, मधे स्ट्रेचर.

"आज आठवण झाली?" मी म्हटलं. "केस पिकले तुझे."

"पॅस्को हसला त्याचं काही नाही. तो गाढव आहे. क्लिफ हसला. त्याला माहीत आहे."

आर्विडने अर्ज केला. सैनिकांची कामं बघणारी आमच्या जिल्ह्यातली बाई ल्युसिल, तिने तो वर पाठवला. उत्तर नकाराचं आलं. कागदावर आर्विड तोफांच्या तळाचा माणूस होता, पायदळाचा नव्हे. त्या दुपारी तिथे होता याला साक्षीदार आणा, म्हणाले. कंपनीचा कप्तान वारलेला. बाकीच्यांची नावं आर्विडला कधी कळलीच नव्हती, त्याने फक्त त्यांच्या जखमा बघितल्या होत्या. एकच साक्षीदार होता, आणि तो दोन गल्ल्या पलीकडे राहत होता.

गावाला कळायला वेळ लागला नाही. दुकानात बायका माझ्यामागे रांगेत उभ्या राहून मला ऐकू जाईल असं बोलायच्या. "पोराचा पाय घालवला, आता त्याचं बक्षीस पाहिजे." कुणीतरी आर्विडच्या बर्फाच्या गाडीवर लाल रंगाने तुटका पाय काढला. त्याने तो पुसला नाही. तशीच गाडी गावभर फिरवली, हॉलवरून मुद्दाम हळू. मला त्याची लाज वाटली आणि अभिमानही वाटला, आणि त्या दोन्हीचा मग त्याच्यावरच राग निघाला. "पुसून टाक तो रंग, नाहीतर मी निघाले आईकडे," मी म्हटलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो म्हणाला, "दफनभूमीचा रस्ता मीच साफ केलाय, आरामात जाशील."

शेवटी मी क्लिफकडे गेले. मांस भरून भाजलेल्या पेस्टी केल्या होत्या त्या घेऊन. त्याने दार अर्धंच उघडलं.

"बिल्ल्यासाठी आली असशील तर पेस्टी ठेव आणि जा."

"तो तिथे होता की नव्हता?"

"तू मला विचारतेस? माझी मांडी बघ आणि तिलाच विचार!"

"मग हे ल्युसिलकडे जाऊन सांग."

"मी? त्या माणसासाठी? लोइस, मी ओरडत होतो, सैल कर, पाय मरतोय. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पट्ट्याला अजून एक पीळ दिला आणि मला पोत्यासारखं टाकून निघून गेला. अंधार पडेपर्यंत माझा पाय मी मरताना बघितला. आणि त्याला बिल्ला?"

तेव्हा माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, "हे तू बारमध्ये सांगतोस, न्हाव्याकडे सांगतोस, माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला फोन करून मला सांगतोस. सरकारला कधी सांगितलंस? त्याची तक्रार करायची हिंमत झाली कधी? की दारू पाजणाऱ्यांपुरतीच आहे तुझी ही गोष्ट?"

त्याने माझ्या हातातून पेस्टीचं भांडं घेतलं आणि दार लावलं. मला वाटलं, भावाचं घर आता कायमचं बंद झालं.

पुढच्या आठवड्यात ल्युसिलचा फोन आला. "तुमचा भाऊ माझ्या कचेरीत येऊन बसलाय. म्हणतोय तक्रार लिहून घ्या, आणि ज्याच्याविरुद्ध आहे त्याला समोर बोलवा."

आम्ही गेलो. क्लिफ टेबलाच्या एका बाजूला, आर्विड दुसऱ्या बाजूला, मी दाराशी. क्लिफने आर्विडकडे न बघता ल्युसिलला सांगायला सुरुवात केली, आणि ती टंकत गेली. झाडीतून गोळ्या येत होत्या. आमचा मेडिक पडला होता. मग हा आला, तोफांच्या तळावरचा. हेल्मेट डोळ्यांवर आलेलं. बांधावर गोळ्या लागून चिखल आमच्या तोंडावर उडत होता. याने माझ्या मांडीला पट्टा आवळला. मी सैल कर म्हणालो, याने ऐकलं नाही. कॉलर धरून मला बांधाआड ओढलं. मग मला सोडून उघड्यावर परत गेला. आणखी माणसं ओढून आणली. मला बघायला एकदाही आला नाही.

"एकदा आलो होतो," आर्विड म्हणाला. "तू बेशुद्ध होतास."

"खोटं."

"पट्टा तपासला. सैल केला असता तर तिथेच संपला असतास."

"मला विचारलं होतंस?"

"विचारणार काय? तू माझ्या आईवरून शिव्या देत होतास."

"अजूनही देईन."

"दे."

ल्युसिलने हात थांबवले. जरा घुटमळून ती म्हणाली, "मिस्टर ट्रेमबाथ, एक सांगू का? हे कागद मी वर पाठवले तर तक्रारीचं काही होणार नाही. पण यांना बिल्ला मिळेल. याच्यापेक्षा पक्की साक्ष मी तरी वाचलेली नाही."

मला वाटलं क्लिफ कागद फाडणार.

"मला मूर्ख समजता?" तो म्हणाला. "मिळेल ते मला ठाऊक आहे. मिळू दे. पण यातला एक शब्द गाळायचा नाही. बिल्ला देणाऱ्याने माझा पाय गेल्याचं वाचूनच तो द्यायचा." सही करताना त्याने कागद जवळजवळ फाडलाच. जाताना आर्विडच्या खुर्चीपाशी थांबून म्हणाला, "हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही."

"तसं वाटलंही नाही," आर्विड म्हणाला.

घरी येताना गाडीत मी त्याला म्हटलं, "एकदा 'वाईट वाटतं' म्हणाला असतास तर तोंड झडलं असतं?" त्याने गाडीची काच पुसली. मग म्हणाला, "बाकीच्यांपैकी कोण जगलं, कोण गेलं, मला माहीत नाही. शिव्या द्यायला क्लिफ एकटाच उरलाय माझ्याकडे. मी वाईट वाटतं म्हणालो, की तोही म्हणेल, जाऊ दे." मला ते तेव्हा कळलं नाही, आणि आता कळलंय असंही छातीठोकपणे सांगत नाही.

बिल्ला हिवाळा संपता संपता आला, साध्या डबीत. मे महिन्यात आर्विडने तो कोटावर लावला आणि हॉलपुढे जाऊन सरळ पहिल्या रांगेत उभा राहिला. पॅस्कोने बिल्ला बघितला आणि तो यादी चाळू लागला. यादीत बघण्यासारखं काही नव्हतं. पदपथावरून कुणीतरी ओरडलं, "शरम वाटू दे, लाहती!" ती आमच्या शाळेतली जुनी शिक्षिका होती, मी आवाज ओळखला. आर्विड जागचा हलला नाही.

त्याच्या शेजारची जागा क्लिफची होती. क्लिफ आला, त्याने बघितलं, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. ती जागा कुणी भरली नाही. बँड सुरू झाला, रांग निघाली, आणि ती रिकामी जागाही रांगेबरोबर सगळ्या गावातून चालत गेली.

ढोल वाजत असताना आर्विडने एकदाच मान वळवून तिकडच्या टोकाकडे बघितलं. क्लिफ लंगडत होता. चढावर त्याचा कृत्रिम पाय त्याला नेहमीच त्रास देतो. आर्विडने पावलं आखडली, इतकी की मागच्या रांगेतले त्याच्या टाचांवर येऊन आदळले आणि शिव्या देऊ लागले. सगळी पुढची रांग मंदावली. क्लिफच्या लक्षात आलं. तो तिकडून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "चाल की नीट, हरामखोरा! माझ्यासाठी थांबू नकोस!"

आर्विड तसाच हळू चालत राहिला. दफनभूमीपर्यंत क्लिफ त्याला शिव्या देत होता.