तळहाताखालची अक्षरं

पनवेलच्या बागेत दर रविवारी एक साठीच्या बाई चित्रांची पुस्तकं घेऊन बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. पान उघडलं की त्या खालच्या ओळींवर तळहात ठेवतात. वाचायची घाई करणाऱ्या मुलांना म्हणतात, “अक्षरं कुठं पळून जात नाय. आदी बघा.”

मला आता त्या हाताची भीती वाटते.

गेल्या रविवारी चित्रात एक बाप खिडकी लावत होता. बाहेर सगळं पांढरं, आत पलंगावर मुलगी.

“काय झालंय?” बाईंनी विचारलं.

“धुकं पडलंय,” एक मुलगा म्हणाला.

“नाही, कंपनीचा वास येतोय,” माझी सहा वर्षांची लेक म्हणाली. मी तिच्या मागेच उभा होतो. “आमचे बाबा पण असंच करतात.”

आम्ही तळोज्यात, केमिकल कंपन्यांच्या शेजारी राहतो. घर मीच पसंत केलं. तिचा खोकला तिथेच सुरू झाला.

बाईंनी हात हलवला नाही. “मंग पोर काय करते, गो?”

“खोकते. बाबा म्हणतात, काही नाही, झोप.”

“आनि झोपते?”

लेकीने चित्रातल्या बापाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ बघितलं.

“नाही. बाबा घाबरलेत ना.”

परतताना रिक्षात ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बाहेर बघत राहिलो.