मामांची छत्री

२१ जून. आज सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणू चोळायला बसले आणि नजर खिळ्यावरच्या काळ्या छत्रीकडे गेली. मामांची. ते गेल्यापासून ती तिथेच आहे. पेरणीच्या वेळी ते ती बियाण्याच्या टोपलीवर धरत आणि स्वतः उन्हात उभे राहत.

"मले ऊन चालते, बाई. त्याईले नाही चालत."

त्याईले म्हणजे जिवाणूंना. मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे, युरिया वाचवणारे. नागपूरच्या आमच्या शेती प्रयोगशाळेत मी सहायक, मामा शिपाई; सगळेच त्यांना मामा म्हणत. तुमच्याही कचेरीत असा एक असेल, कामावर साहेबांपेक्षाही जास्त विश्वास असलेला. मामा रोप उपटत, गाठ नखानं फोडत आणि आतला लाल रंग येईल त्याला दाखवत.

"लाल आहे ना? मंग काम करून राहिली."

एका वर्षी त्यांनी कळमेश्वरच्या आपल्या तीन एकरांत सोयाबीन पेरायचं ठरवलं, युरियाशिवाय. त्यांचा थोरला भाऊ म्हणाला, "हवेतल्या खतावर पीक येते काय गा? मंग तूही हवाच खा." फसलं तर पुढच्या वर्षीपासून वावर भाऊ पाहणार, असं ठरलं.

मामांनी घरून आणलेल्या गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवून बियाणं मी चोळलं. ते सावलीत सुकवायचं. पण मामांची एस.टी. चारची, बियाणं ओलं. कुरडया घालाव्यात तसं मी ते गच्चीवर उन्हात पसरलं. तासाभरानं चूक लक्षात आली. तरी पोत्यात भरून दिलं आणि बोलले नाही.

मग रोज सकाळी आधी मामांचा चेहरा पाहायचा. उगवलं, म्हणाले. दोन पानं आली. चौथ्या आठवड्यात म्हणाले, पिवळं पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यातून एक रोप आणून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. मुळं स्वच्छ. एकही गाठ नाही.

"माह्या घरचाच गूळ खराब असन," ते म्हणाले.

आता युरिया दिला तरी पीक हाती लागेल, मी सांगितलं.

"पीक वाचन, बाई. मी तं खोटा पडलो ना." उद्या भाऊ वावरात येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एस.टी.नं कळमेश्वरला गेले. दोघे भाऊ बांधावर होते. मला पाहून मामांनी छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. मी तिच्याखालून बाजूला झाले आणि थोरल्याला म्हटलं, "बियाणं मी उन्हात वाळवलं. यांची चूक नाही."