अवतरणचिन्हांतलं बोलणं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांच्या तोंडाची टकळी कधी थांबायची नाही. गिऱ्हाईक आलं की घड्याळ राहायचं बाजूला आणि गप्पा रंगायच्या. असा बोलका माणूस, आणि अर्धांगवायूनं नेमकी त्याची वाचाच नेली! आता ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

सुनेला ते बघवेना. डॉक्टरीणबाईंनी बोलणारा टॅब दिला होता. वाक्यावर बोट ठेवलं की यंत्र ते बोलायचं. पण ‘मला पाणी हवे आहे’ असली पुस्तकी वाक्यं ऐकून बाबा टॅब उलटा ठेवत. बरोबरच आहे, जन्मात कधी असं बोलले होते का ते?

सून छापखान्यात कॉम्प्युटरवर पुस्तकांची अक्षरजुळणी करायची. दुकान कायमचं बंद केल्यावर बाबांनी आपली जीवनकथा सांगितली होती, ती तिनंच टाइप केली होती. त्यातलं सगळं बोलणं अवतरणचिन्हांत होतं. तेवढंच उपसून काढलं तर? तिनं शोधाचा साचा लिहिला, रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात तो: उघडतं चिन्ह, मग काहीही, मग मिटतं चिन्ह. कळ दाबली, आणि हात तिच्या! अख्खं पुस्तकच हाती आलं. पहिल्या पानावर उघडलेलं चिन्ह धरून तो खादाड साचा थेट शेवटच्या पानावरच्या चिन्हापाशी थांबला होता.

“मेल्या, वाटेत कुठे थांबशील की नाही?” ती पडद्यावर खेकसली. ‘काहीही’च्या जागी तिनं ‘चिन्ह सोडून काहीही’ असं लिहिलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वाक्यांचा पूर आला. “बस रे, खुर्ची तुझ्या बापाचीच आहे!” “एवढी घाई असेल तर सूर्याकडे बघ!” अहो, बाबाच बोलत होते की! बोटभर ओळीनं अख्खा माणूस परत आणावा? ती खुळ्यासारखी बघतच राहिली.

सगळी वाक्यं टॅबमध्ये भरून ती बाबांकडे धावली. त्यांनी चाचपडत एका वाक्यावर बोट ठेवलं.

“अहो, पुरे झालं ते घड्याळ, जेवायला चला,” यंत्र बोललं.

हे तर सासूबाईंचं वाक्य! त्या जाऊन वर्षं लोटली होती. कोण बोललं ते साच्याला काय कळणार? त्यानं चिन्हांतलं सगळंच उचललं होतं, आणि घाईत तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“चुकलंच माझं, बाबा. आईंची वाक्यं काढून टाकते हं,” म्हणत तिनं हात पुढे केला. बाबांनी तो घट्ट धरला.

मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा लावलं आणि बोट खालच्या ओळीवर नेलं.

“आलो गं, आलो,” यंत्र म्हणालं.

सुनेला रडू आवरेना. बाबांचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. ते बायकोशी बोलत होते.