व्याह्यांशी मी एकटाच बोललो

तेलुगू मी कुणाच्याही मदतीशिवाय शिकलो. बोललोही तसाच.

त्याचं असं झालं, आमच्या रश्मीनं राजमुंद्रीचा मुलगा पसंत केला. त्याचे आईवडील नागपूरला घर बघायला येणार होते. "बाबा, त्यांना हिंदी येत नाही. तुम्ही नीट बोला हं, नाहीतर ते नाही म्हणतील!"

मी फोनवर धडे लावले आणि बाथरूममध्ये कोंडून घेतलं. धड्यात एक बुवा अन् एक बाई गप्पा मारायचे. दोघांचंही मीच म्हणायचो. प्रश्न जाड आवाजात, उत्तर बारीक. (हुबेहूब जमायचं, उगाच सांगत नाही!)

"अवो, एकटेच काय बडबडून राहिले?" बायको दारावर थापा मारायची. "माझ्यासंगं अक्काजवळ बसा ना!"

अक्का म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारीणबाई. मिरच्यांचे देठ खुडता खुडता या दोघींची शिकवणी चाले. हिनं अर्धं वाक्य बोलायचं, अक्कांनी पुरं करायचं. याला काय शिकणं म्हणतात? (हे मी मनातच म्हणालो. मोठ्यानं म्हणायची टाप नाही!)

पाहुणे आले. मी खाकरून तेलुगूत विचारलं, "प्रवास कसा झाला?" व्याही तोंड उघडणार, तोच सवयीनं माझ्याच घशातून बारीक आवाज निघाला, "अगदी मजेत!" व्याह्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी माझ्या पाठीमागे पाहिलं.

"चहा घेणार?" जाड. "नको, आत्ताच झाला!" बारीक. मदतीला आलेल्या अक्का चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आल्या होत्या, त्या हे ऐकून परत फिरल्या! रश्मी डोळे वटारून राहिली होती, पण मला थांबताच येईना. धड्याच्या शेवटी निरोप होता. तोही घेतला, "बराय, निघतो आम्ही!"

आणि व्याही खरंच उठले हो! चपलांत पाय घातले! रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात बायको आतून धावत आली. "भिवापूरची मिरची... पोह्यांवर..." एवढंच तेलुगूत म्हणून अडली. पुढचं येतच नव्हतं तिला! विहीणबाईंनी हसून वाक्य पुरं केलं, वर स्वतःचं एक सुरू केलं. दोघी बोलत बोलत स्वयंपाकघरात गेल्या, त्या लग्न पक्कं करूनच बाहेर आल्या.

"अन् मले कोणी विचारलंच नाही काहून?" पाहुणे गेल्यावर मी तणतणलो.

"तुमाले कोण विचारीन? विचारता बी तुम्हीच, सांगता बी तुम्हीच!"

मग मीच मला विचारलं, आणि बारीक आवाजात होकार देऊन टाकला.