अंगावरचं कापड

वर्ध्याला कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या काही पगारांतून मी टेरिलीनचे दोन बुशशर्ट शिवून घेतले. आमचं गाव सेलू तालुक्यात. घरी वर्षानुवर्षं कापूस पिकायचा, बैलगाडीत भरून बाजाराला जायचा, आणि मला मात्र सुती कपड्याची लाज वाटायची. सुती कापड चुरगळतं, विटतं, घालणारा खेड्यातला दिसतो. टेरिलीन संध्याकाळी धुऊन दोरीवर टाकलं की सकाळी तयार, इस्त्रीची भानगड नाही. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. अंगावर टेरिलीन असलेला माणूस पुढारलेला, अशीच तेव्हा कचेरीत समजूत होती.

ऊन तापायला लागलं आणि माझ्या पाठीवर, मानेवर, कमरेभोवती लाल चट्टे उठले. आधी खाज, मग आग. मला पहिला संशय आला तो खानावळीच्या तेलाचा. खानावळ बदलली. मग विहिरीच्या पाण्याचा, मग साबणाचा. साबणही बदलला, चट्टे वाढतच गेले. शेवटी खोलीतल्या सोबत्यावर शंका आली, की हा माझा टॉवेल वापरत असावा. मी टॉवेल पेटीत ठेवून कुलूप लावू लागलो. पण संशय घेणारा मी एकटा नव्हतो. एक दिवस तो स्वतःसाठी वेगळा माठ घेऊन आला.

"काऊन, एक माठ पुरत नव्हता?" मी विचारलं.

"उन्हाळा आहे न. पाणी लवकर सरते," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

पंधरा दिवसांत त्याने खोलीच सोडली. मामाचं घर कचेरीला जवळ पडते, म्हणाला. वर्ध्यात त्याचा मामा राहतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग कचेरीतल्या म्हाताऱ्या शिपायाने मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "बाबूजी, राग नका मानू. एकदा दवाखान्यात दाखवून या. लवकर दाखवलं तं बरा होते म्हणतात."

काय बरं होतं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या भागात त्या रोगाचं नाव घ्यावं लागत नसे. बोटं झडलेली माणसं आम्ही लहानपणापासून पाहिलेली होती, आणि लोक त्यांच्यापासून कसे सरकून बसतात, तेही. त्या दिवसापासून मी उकाड्यातही कॉलरचं बटण लावून बसू लागलो.

शनिवारी गावी गेलो. जेवण झाल्यावर वहिनीने माझं ताट इतर भांड्यांपासून वेगळं ठेवलं. ठेवलं, की मलाच तसं वाटलं, हे अजूनही सांगता येत नाही. बाबा अंगणातल्या कडुनिंबाखाली बंडी घालून बसले होते. मी शर्टासकट घामाने थबथबलेला.

"शर्ट काढ," ते म्हणाले.

"असू द्या."

"काढ म्हणतो न."

काढला. बाबांनी माझी पाठ पाहिली आणि तिच्यावरून सावकाश हात फिरवला. कित्येक आठवड्यांत कोणी मला हात लावला नव्हता. मग त्यांनी शर्टाचं कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारली.

"याच्यातून वारा जात नाई. अंगाले मेणकापड गुंडाळून उन्हात हिंडून राह्यला तू. दुसरं काय होईन?"

मला त्यांचंही खरं वाटलं नाही. बाबा स्वतः सूत कातायचे, ते सूत खादी भांडारात देऊन कापड घ्यायचे, आणि माझं टेरिलीन त्यांच्या डोळ्यांत आधीपासून खुपत होतं. आता बरं निमित्त सापडलं, असं मी मनात म्हटलं. त्यांनी स्वतःचे दोन जुने सदरे दिले, धुऊन धुऊन मऊ झालेले. मी ते पिशवीत कोंबले.

सोमवारी धीर करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापसाची बारीक वात करून ते पाठीवर, मानेवर, कमरेवर टेकवत गेले. "जिथे स्पर्श होईल तिथे बोट ठेवा." मी दर वेळी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. मग टाचणीनेही पाहिलं.

"तुम्हाला ज्याची भीती आहे, ते हे नाही. त्या रोगाच्या डागाला स्पर्श कळत नाही. हे घामानं झालंय. हे कापड सोडा, सुती घाला, दोन वेळा आंघोळ करा."

"नक्की? की मी घाबरीन म्हणून सांगून राह्यले?"

ते चिडले नाहीत. पुन्हा वात केली, पुन्हा सगळी पाठ तपासली. बाहेर आलो तेव्हा बाकावर माणसं बसली होती. त्यांतल्या काहींचे डाग कापड बदलून जाणारे नव्हते. मी त्यांच्याकडे न बघता पायऱ्या उतरलो. त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

तरी माझी खात्री होत नव्हती. आठ दिवस बाबांचे सदरे घातले, आग थांबली. मग मुद्दाम एक दिवस टेरिलीन घातलं, तर संध्याकाळपर्यंत पाठ पेटली. असं दोनदा करून पाहिलं, तेव्हा कुठे पटलं. दोन्ही शर्ट बोहारणीला देऊन पातेलं घेतलं. तिने ते उजेडात धरून खूप वेळ उलटेपालटे केले. इतके चांगले कपडे हा काऊन देऊन राह्यला, ही शंका तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

पावसाळ्यापर्यंत कातडी साफ झाली. झोप लागू लागली. दुपारी डोकं चढायचं, ते थांबलं. तीन सदरे आणि दोन पायजमे एवढ्यावर माझं भागू लागलं, फाटलं तर मी ते स्वतः शिवायचो. रविवारी गावी जाऊन बाबांजवळ कातायला बसलो की दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे विडीही कमी झाली. कचेरीत मात्र कुजबूज वाढली. कोणी म्हणे, याला पुढारी व्हायचंय. कोणी म्हणे, डॉक्टरनं सुती घालायला सांगितलं, म्हणजे काहीतरी आहेच.

ती कुजबूज आष्टीपर्यंत पोचली. तिथे मी बाबांबरोबर मुलगी पाहायला गेलो होतो. जेवायच्या आधी मुलीचे वडील म्हणाले, "आंघोळ करून घ्या. प्रवासानं आंग चिकट झालं असंन."

सकाळी आंघोळ करूनच निघालो होतो. पण विहिरीजवळ बादली भरून ठेवलेली होती, आणि समोर खाटेवर घरातले तीन वडीलधारे विहिरीकडे तोंड करून बसले होते. माझ्या सगळं लक्षात आलं. तशीच एसटी धरावी, असं वाटलं. बाबांकडे पाहिलं तर ते जमिनीकडे बघत होते. मग मी सदरा काढला, त्या तिघांकडे पाठ केली आणि सावकाश, लागत होतं त्यापेक्षा दुप्पट वेळ, तांब्याने पाणी ओतत राहिलो. वळलो तेव्हा मुलीचे वडील पुढे आले. त्यांच्या हातात टॉवेल होता.

"घ्या. माहाच हाय," ते म्हणाले.

लग्न झालं. बरीच वर्षं गेली, ऐंशीचं दशक उजाडलं. आमच्या धाकटीसाठी बायको जुने सदरे आणि लुगडी जोडून दुपटं शिवत होती. मी सहज म्हणालो, "तुझ्या बाबांनी मला आंघोळीला बसवलं, त्याचा राग मला पुष्कळ दिवस होता."

"बाबाचा काऊन राग? मीच म्हटलं होतं त्याइले. खिडकीतून मीबी पाहून राह्यली होती."

"अन् डाग दिसला असता तं?"

तिने दोरा दातांनी तोडला. "नाई म्हटलं असतं."

तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरी ते उत्तर आत कुठेतरी लागलं. तिने दुपट्याचं एक टोक माझ्याकडे सरकवलं आणि ताणून धरायला सांगितलं.